टायर उचलायचा नसतो, ढकलायचा असतो

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला 26 वर्षांचा तरुण, वजन 66 किलो. काकांनी ट्रॅक्टरचा मागचा जुना टायर दिलाय, त्यावर 13.6-28 असं कोरलेलं आहे. जिम म्हापशाला, कामावरून आल्यावर जाणं जमत नाही. घरीच या टायरवर ताकद वाढेल का, रोज किती वेळा उलटायचा, दोनदा उलटला तर कंबर का धरली, कबड्डी खेळणाऱ्या धाकट्या बहिणीला चालेल का, आणि पावसाळ्यात काय करायचं?

ताकद वाढेल, भरपूर वाढेल. पण सुरुवात कंबरेपासून करू, कारण तुमचं पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मी डिचोलीला 22 वर्षं मुलांना व्यायाम शिकवतोय. टायर हाती आला तो 2012 नंतर. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, माल वाहणारे ट्रक दारादारांत उभे राहिले आणि गॅरेजांसमोर जुन्या टायरांचे ढीग लागले. काम गेलेली ट्रकवाली पोरं संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. लोखंड घ्यायला पैसे नव्हते, टायर फुकट मिळत होते. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा आणखी मुलं आली. तेव्हापासून आजवर टायरवर जी जी दुखापत पाहिली, तिचं मूळ जवळजवळ एकच निघालं: माणूस टायर उचलायला जातो.

तुमचा टायर आडवा पडलेला असतो. तुम्ही त्याची एक कड वर घेता, समोरची कड जमिनीवर टेकलेली राहते. म्हणजे अर्धा भार जमीन घेते, अर्धा तुम्ही. टायर 60 किलोचा असला तरी हाताशी येतात साधारण 30 किलो. एवढ्याशा वजनाने 66 किलोच्या तरुणाची कंबर धरायला नको, तरी धरली. कारण टायरची फुगीर बाजू तुम्हाला त्याच्यापासून लांब उभं करते. हात पायांच्या पुष्कळ पुढे, बोटं जमिनीलगत, गुडघे सरळ, पाठीची कमान. अशा वेळी ते 30 किलो कंबरेच्या मणक्यांपासून दोन-अडीच फूट लांब लोंबकळतात आणि मणक्यांजवळचे स्नायू त्याच्या कितीतरी पट जोर लावून तुम्हाला सरळ करायला बघतात. पाण्याने भरलेली घागर कडेवर घेतली तर सोपी आणि हात लांब करून धरली तर जड, तसंच हे.

मग करायचं काय? चिखलात रुतलेली जीप मागून ढकलताना शरीर आपोआप जसं होतं तसं करायचं. टायरपासून दोन पावलं मागे उभे राहा. खाली बसा आणि छातीचा वरचा भाग टायरच्या कडेला टेकवा, हनुवटी वरून पुढे. हात खांद्यांपेक्षा रुंद ठेवून बोटं रबराच्या खालच्या दातऱ्यांत घाला. कोपर सरळ. टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, अंग पुढे झुकलेलं, इतकं की टायर अचानक नाहीसा झाला तर तुम्ही तोंडावर पडाल. आता वर ओढू नका. पायांनी जमीन मागे रेटा आणि छातीने टायर पुढे व वर ढकला. टायर मांडीच्या उंचीला आला की एक गुडघा त्याच्याखाली जोरात मारा, त्या क्षणी हात पालटून तळवे टायरला लावा आणि चालत चालत लोटून द्या. उभा झाला की त्याला वजनच उरत नाही, बोटाने ढकललं तरी पडतो. पडायला लागला की सोडायचा. पडणारा टायर धरून ठेवायला गेलेला माणूस मी पाहिलाय, त्याचं मनगट दीड महिना बांधलेलं होतं.

कोपर सरळ ठेवा हे मी दर सत्रात दहा वेळा ओरडतो, त्याचं कारण सांगतो. तळहात वर आणि कोपर वाकलेलं अशा स्थितीत टायर उपसायला गेलात तर दंडाचा पुढचा स्नायू, ज्याला आपण बेटकुळी म्हणतो, आखडलेला असतो. त्याच वेळी पाय सरळ होतात आणि सगळ्या शरीराचा जोर ते कोपर उलगडायला बघतो. कोपरापाशी त्या स्नायूची दोरी हाडाला जिथे चिकटते, तिथून ती तुटू शकते. माझ्याकडच्या एका मुलाची तुटली. ‘टप्’ असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, बेटकुळी गोळा होऊन वर सरकली आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा. चूक माझी होती: तो दमला होता आणि मी अजून दोन म्हटलं. असं कधी झालं तर तेल चोळत घरी बसू नका, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा, कारण तुटलेली दोरी आखडत जाते आणि उशीर केला तर जोडणं अवघड होतं.

आता टायरबद्दल. 13.6-28 म्हणजे रुंदी 13.6 इंच आणि आतली रिम 28 इंचांची. उभा केला तर साधारण सव्वाचार फूट. या मापाचे जे टायर मी काट्यावर चढवले, ते झिजेप्रमाणे 50 ते 65 किलोंच्या आत भरले, म्हणजे तुमच्या वजनाच्या जवळपास. सुरुवातीला याहून जड नको. हौसेने कोणी 16.9-28 आणून दिला तर तो 80 च्या पुढे जातो, तो वर्षभर थांबू दे. खाणीवरच्या डंपरचे टायर तर विचारातच घेऊ नका, ते माणसाने हलवायचे नसतातच.

नेमकं वजन हवं असेल तर भंगारवाल्याकडे काटा असतो. घरीच करायचं तर वजन करायचा साधा काटा एका कडेखाली ठेवा आणि बरोबर समोरच्या कडेखाली तेवढ्याच उंचीची वीट. काट्यावर येईल त्याच्या दुप्पट म्हणजे टायरचं वजन. त्याआधी आतलं पाणी काढा. 20 लिटर पाणी आत राहिलं तर 20 किलो वाढतात, आणि ते हलणारं वजन असल्यामुळे टायर भलत्याच बाजूला झुकतो.

ट्रॅक्टरचा टायर बहुधा नायलॉनच्या थरांचा असतो, ते बरं. ट्रकचे टायर आता पुष्कळसे रेडियल येतात, त्यांत पोलादी तारा असतात. झिजलेल्या ठिकाणी त्या बाहेर आलेल्या असतील तर तो टायर उलटायला घेऊ नका, बोटं कापतात आणि गंजलेली तार खोल जाते. आतल्या कडेला जिथे रिम बसते तिथे सगळ्याच टायरांत तारांचं कडं असतं, तिथेही हात फिरवून बघा.

उलटण्याबद्दल मी एवढं लिहिलं, कारण सगळ्यांना तेच करायचं असतं. माझ्या मते टायरचा खरा उपयोग ओढण्यात आहे.

तुम्ही पेडण्याचे, तेव्हा मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल. रापणकार दोरी हातांनी ओढत नाहीत. दोरीला अंग देतात, मागे रेलतात, टाच वाळूत रोवतात आणि पावलापावलाने मागे सरतात. साठीतली माणसं तासभर ते करतात आणि त्यांच्या मांड्या-पोटऱ्या बघा. टायर ओढणं हे तेच आहे. आडवा टायर, त्याला पाच-सहा मीटर दोरी, तोंड टायरकडे आणि मागे चालायचं. मांडीच्या पुढच्या भागाला यासारखा व्यायाम नाही आणि गुडघ्यावर आपटणं नाही. मग पाठ फिरवून कंबरेला पट्टा बांधून पुढे ओढा, त्यात नितंब आणि पोटऱ्या लागतात. मग एका जागी पाय रोवून उभे राहा आणि दोरी हात-हात करत टायर जवळ आणा, त्यात पाठ आणि मूठ. एकाच दोरीत तीन व्यायाम, आणि वजन हवेत कुठेच जात नाही, त्यामुळे अंगावर पडण्याचा प्रश्नच येत नाही. थकलात तर थांबलात, बस.

दोरी आखूड घेतली तर ती टायरची पुढची कड उचलून धरते आणि ओढणं हलकं होतं. म्हणून सुरुवातीला आखूड, नंतर लांब. जमिनीनेही खूप फरक पडतो. ओल्या गवतावर घसरत येणारा टायर सुक्या मातीवर अडून बसतो. ट्रकवाल्यांची नायलॉनची दोरी चालते, पण ती उघड्या खांद्यावरून घेऊ नका, सालं निघतात. जुन्या गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा सगळ्यात चांगला. आणि वजन वाढवायचं तर इथेच वाढवता येतं: टायरच्या पोकळीत वाळूची पिशवी ठेवा, 5 किलो, मग 10. उलटताना हे कधीही करू नका.

लोखंडाच्या बारला दर आठवड्याला दोन-अडीच किलोची चकती लावता येते, टायरला येत नाही. तो पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच शेवटच्या दिवशी. त्यामुळे उलटण्यात प्रगती म्हणजे फेऱ्या वाढवणं, मधली विश्रांती कमी करणं आणि ढिसाळपणा न करता, एकसारखं उलटणं. सहा-आठ महिन्यांनी तो हलका वाटू लागेल, तेव्हा तो दम वाढवायला उरेल आणि निव्वळ ताकदीसाठी मोठा टायर बघावा लागेल.

तिसरा प्रकार घणाचा. आपल्या तालमींतल्या जुन्या पद्धतीत गदा, मुद्गल फिरवायचे, त्याच्याच जवळचं हे काम. चिरेखणीवर वापरतात तसला मोठा घण लगेच घेऊ नका. 3 किलोचा, तीन फूट दांड्याचा पुरे. टायर आडवा टाकून त्याच्या वरच्या सपाट बाजूवर मारायचा. दातऱ्यांवर मारलात तर घण कोणत्या दिशेला उसळेल सांगता येत नाही. एक हात दांड्याच्या टोकाला पक्का, दुसरा हात वर जाताना घणाच्या लोखंडाजवळ आणि खाली येताना सरकत पहिल्या हाताला मिळणारा. मारताना कंबर वळवू नका, नितंब मागे घेऊन पोट आवळा. घण उसळून वर येतो, त्याला अडवायचं नाही, त्याच्या उसळीवरच पुढची उचल घ्यायची. दहा उजव्या बाजूने, दहा डाव्या. डावी बाजू पहिले दोन आठवडे अगदी परकी वाटते, पण ती सोडू नका. आणि दर वेळी दांडा तपासा. एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड सुकतं, पाचर सैल होते आणि लोखंड निसटून उडतं. भोवती कोणी उभं नको.

रोज किती वेळा, हा तुमचा प्रश्न. रोज नको. उलटणं आठवड्यात दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस. तुमची कंबर धरलेली आहे, म्हणून पहिले तीन आठवडे उलटणं शून्य. पाठीचं दुखणं चालताना-बसताना जाणवत असेल किंवा पायात कळ, मुंग्या जात असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. हर्निया, वाढलेला रक्तदाब असेल तरी तसंच, कारण जोर लावताना श्वास कोंडला की दाब एकदम चढतो.

दुखणं गेलं असेल तर तीन आठवडे एवढंच: आठवड्यात तीन संध्याकाळी ओढणं, 20 मीटर मागे, 20 मीटर पुढे, अशा चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं दम. त्यानंतर घण, दोन्ही बाजूंनी दहा-दहा, तीन वेळा. चौथ्या आठवड्यात टायरची कड फक्त मांडीपर्यंत वर घ्या आणि खाली ठेवा, पाच वेळा, छाती टायरला लावून. सुरुवातीला ज्या कडेला हात घालणार तिच्याखाली लाकडाची फळी सरकवून ठेवा, बोटं घालायला जागा होते आणि कमी वाकावं लागतं. पाठ गोल न होता हे पाच जमले की पूर्ण उलटा: तीन उलट्या, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तीन, असं चार वेळा. दोन महिन्यांत चारच्या सहा करा. बिघडलेली एक उलटी म्हणजे त्या दिवसाचं उलटणं संपलं. हा नियम मी त्या मुलाच्या हातानंतर केला आणि आजवर मोडलेला नाही.

टायर तुम्हाला ढकलायला आणि ओढायला शिकवतो, वर लटकायला शिकवत नाही. त्यासाठी दारची आंब्याची जाड फांदी आहे, तिला लटकून अंग वर घ्या. आणि जोर-बैठका. बैठका नीट येत नसतील तर टायरखाली बसताही येणार नाही.

जागेचं सांगतो. एका उलटीत टायर त्याची उंची आणि रुंदी मिळून साधारण सव्वापाच फूट पुढे जातो, म्हणजे सहा उलट्यांना पस्तीसेक फूट मोकळी लांबी हवी. सिमेंटच्या अंगणात नको, आवाज होतो आणि टायर परत उसळतो. सरद, म्हणजे पावसाळी, भात कापल्यानंतरचं सुकलेलं शेत ही माझ्या मते गोव्यातली सर्वांत चांगली व्यायामशाळा आहे, फक्त वायंगण, म्हणजे त्यानंतरचं हिवाळी पीक, करत असतील त्या शेतात पाऊल टाकू नका. उतारावर टायर कधीही उभा ठेवू नका. आमच्याकडे एकदा उभा ठेवलेला टायर घरंगळत गेला आणि कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) बांधावरून खाली पाटात पडला. वाटेत कोणी नव्हतं हे नशीब. उतार असेल तर नेहमी चढाच्या दिशेने उलटा. चपला घालून येऊ नका, सपाट तळाचे बंद बूट घाला. दुपारी काळं रबर इतकं तापतं की हात लागत नाही, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, म्हणून विश्रांती सांगितली त्याहून एक मिनिट जास्तच घ्या. नंतर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज प्या. डब्यातल्या पावडरींवर पैसे घालू नका. बांगडे, अंडी, अळसांदे, कुळीथ घरात असताना त्याची गरज नाही.

बहिणीला चालेल का? कबड्डीला तर हे तुमच्याहून जास्त उपयोगी. पकडीत लागतो तो पायांचा मागे रेटा आणि मूठ, दोन्ही दोरीत आहेत. माझ्याकडच्या मुली मागे ओढण्यापासून सुरू करतात, पॉवर टिलरच्या लहान टायरवर. त्यात वाळूची पिशवी घालून वाढवत नेतात. तुमच्या मोठ्या टायरवर तुम्ही दोघं मिळून उलटू शकता, शेजारी शेजारी उभं राहून. एकाने मोजायचं आणि ‘तीन’ला दोघांनी एकत्र रेटायचं. एकाने आधी जोर लावला तर टायर तिरका जाऊन दुसऱ्याच्या पायावर येतो, म्हणून मोजणं टाळू नका.

आणि पावसाळा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिऱ्याच्या अंगणावर शेवाळ धरतं, तिथे टायर ढकलायला पाय टिकत नाही. जून ते सप्टेंबर उलटणं बंद. मांगराच्या किंवा पडवीच्या छपराखाली घण आणि बसून दोरी ओढणं चालू ठेवा, बाकी जोर-बैठका.

पण पावसात खरी काळजी डासांची. टायरच्या पोकळीतलं साचलेलं पाणी हे डेंग्यूच्या डासांचं आवडतं घर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या वरच्या ओल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पहिलं पाणी पडलं की फुटतात. म्हणून आठवड्याला एकदा आतून ताठ ब्रशने घासा. दोन्ही सपाट बाजूंना वीतभर अंतरावर बोट जाईल एवढी भोकं ड्रिलने पाडून घ्या, पाणी टिकणारच नाही. तारांचं कडं असतं त्या आतल्या काठाला मात्र भोक पाडू नका. वापर नसेल तेव्हा टायर छपराखाली, वर ताडपत्री. तुमच्या घरातल्यांबरोबर शेजाऱ्यांच्या लहान मुलांचाही हा प्रश्न आहे, त्यात हयगय नको.

तुमचा टायर काकांच्या भाटात (माडाच्या बागेत) किती दिवस पडून होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पडलेल्या टायरमध्ये फुरसं, विंचू आरामात राहतात. तेव्हा बोटं घालण्याआधी, दर वेळी, लांब काठीने टायर ठोका, बॅटरी मारून आत बघा आणि मगच हात लावा. या आठवड्यात एवढंच करा: आत बघा, पाणी ओता, घासून काढा, भोकं पाडा, वजन करा. दोरी पुढच्या आठवड्यात बांधा.